वाचक विचारतात: टाकळा मृगालाच का उगवतो?

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की उन्हाळ्यात रानातल्या बिया गोळा करून ठेवा, तर त्याची शिक्षा म्हणून पत्रांचा आणि व्हॉट्सॅप मेसेजचा ढीग आला. निम्म्याहून जास्त लोकांचं रडगाणं एकच, बिया लावल्या, पाणी घातलं, रोज वाकून बघतोय, काही येईना. सगळ्यांना उत्तरं देणं होणार नाही, सात घेतलीत. काही पत्रं जरा कापली आहेत, राग मानू नका.

आमच्या शाळेतल्या मुलांनी बहावा, बाभूळ आणि टाकळ्याच्या बिया गोळा करून फेब्रुवारीत पिशव्यांमध्ये लावल्या. दोनशे पिशव्या. दीड महिन्यात अकरा रोपं आली, त्यातली नऊ बाभळीची. एका व्हिडिओत बघितलं की बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून महिनाभर फ्रीजमध्ये ठेवल्या की रुजतात. तसं करू का? (एक शिक्षिका, सातारा)

बाई, फ्रीज राहू द्या. व्हिडिओवाला खोटं बोलत नाहीये, तो थंड मुलखातल्या झाडांबद्दल बोलतोय एवढंच. सफरचंदाचं बघा ना, तिकडं फळ पिकून पडतं आणि लगेच मागून हिवाळा येतो, तेव्हा बी उतावळी होऊन रुजली तर कोंब बर्फात गेलाच समजा. म्हणून ती बी ओलसर थंडीत, म्हणजे १ ते ५ अंशात, दोन-तीन महिने काढल्याशिवाय हलत नाही, हिवाळा येऊन गेला याची तिला जणू खात्री करून घ्यायची असते. तुमच्या फ्रीजचा खालचा कप्पा म्हणजे तिच्यासाठी काश्मीरचा डिसेंबर. कधी कधी कोल्ड स्टोरेजमधलं जुनं सफरचंद कापलं की आतल्या बीला मोड आलेला दिसतो, तो यामुळंच, तिचा हिवाळा गोडाऊनमध्येच पार पडलेला असतो.

आता बहाव्याला आणि टाकळ्याला काय माहिती बर्फ. त्यांची भीती वेगळी. फेब्रुवारीत चुकून पाणी लागलं, रुजून बसलं, आणि मग जूनपर्यंत थेंब नाही, तर संपला विषय. त्यामुळं यांच्या बियांना असं टरफल असतं की पाणी आतच जात नाही. करून बघा, बहाव्याची एक बी वाटीत पाण्यात टाकून ठेवा, आठ दिवसांनी काढली तरी तशीच चकचकीत आणि टणक, पाणी बदलून बदलून तुम्ही दमाल. शेंगवर्गातल्या पुष्कळ बियांना डोळ्याशेजारी, म्हणजे बी शेंगेला चिकटलेली असते त्या खुणेशेजारी, एक नाजूक जागा असते, माळावर ती बी महिनोन् महिने दिवसा तापते, रात्री निवते, परत तापते, असं होत होत तिथं बारीक तडा जातो आणि मग पहिल्या पावसाचं पाणी आत शिरतं. तुमच्या बिया शेंगेतून काढून थेट पिशवीत गेल्या, त्यांचा उन्हाळाच झाला नाही. वर फेब्रुवारीतल्या आपल्याकडच्या रात्री गार, आणि गरम मुलखातलं बी गार मातीत भिजलं तरी फार सावकाश हलतं, १०-१५ अंशाच्या खाली तर जवळजवळ ठप्पच.

मग ती नऊ बाभळीची कशी आली? मुलांना विचारा, त्या बिया कुठून उचलल्या. मी पैज लावतो, शेळ्या बसतात तिथून. शेळी शेंगा खाते, रात्री रवंथ करताना बऱ्याच बिया बाहेर टाकते, काही लेंड्यांतून येतात, आणि या सगळ्या प्रवासात टरफल झिजतं. जुने नर्सरीवाले शेळ्यांच्या वाडग्यातूनच बाभळीचं बी गोळा करतात, त्यांना हे कुणी पुस्तकातून सांगितलेलं नाही.

आता उपाय. बाभळीसाठी पाणी खळखळ उकळा, गॅस बंद करा, पातेलं खाली उतरवा आणि मग बिया टाका आणि तसंच दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. खाली उतरवा हे दोनदा वाचा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा बिया पातेल्यात घालून गॅसवर चांगल्या दहा मिनिटं ठेवल्या होत्या, तूरडाळ शिजवल्यासारख्या, घरातनं आवाज आला की फोडणी देऊ का, आणि अर्थात एकही उगवली नाही. बरोबर झालं तर सकाळी काही बिया फुगून दुप्पट झालेल्या, बोटानं दाबल्या तर मऊ लागतील, त्या लगेच लावा. ज्या तशाच टणक राहिल्या त्यांना परत गरम पाणी. टाकळ्याच्या मूठभर बिया याच पद्धतीनं करून बघा, फक्त पाणी उतरवल्यावर पाचेक मिनिटं थांबा, बी बारीक आहे. बहाव्याला गरम पाण्याचा भरवसा कमी, त्याला नेलकटरनं टरफलाची एक कड जराशी उडवा नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातल्या पॉलिश पेपरवर घासा, आतलं पिवळसर दिसलं की थांबा. डोळ्याच्या बाजूला कापू नका, कोंब तिथं असतो, त्याच्या उलट बाजूला. मुलांना हे काम फार आवडतं, एक तासात शंभर बिया होतात. आणि लावा मे संपता संपता.

एप्रिलमध्ये आमच्याकडं चांगला वळीव झाला, ताली भरल्या. तरी टाकळा, माठ, घोळ काही उगवलं नाही, जे आलं ते करपलं. आणि मृगाचा साधा शिडकावा झाला तरी रान हिरवं होतं. पाणी तर दोन्हीकडं सारखंच, मग बीला नक्षत्र कळतं का? (एक शेतकरी, आटपाडी)

दादा, नक्षत्र कळत नाही पण नक्षत्राबरोबर जे जे बदलतं ते सगळं कळतं, आणि मला विचाराल तर पंचांगापेक्षा बारीक कळतं.

प्रत्येक बीचे टेम्परेचरचे तीन आकडे असतात असं समजा. एक खालचा, ज्याच्या खाली ती हलत नाही. एक मधला, जिथं ती सगळ्यात झपाट्यानं रुजते, आपल्या पावसाळी तणांचा हा साधारण २५ ते ३० च्या आसपास येतो. आणि एक वरचा, ज्याच्या वर गेलं की भिजलेली असली तरी गप्प बसते. तुम्ही मे महिन्यात कोथिंबीर पेरून बघितली असेल, उगवणीची किती बोंब होते, कितीही पाणी पाजा, आणि म्हणून तर तेव्हा जुडीचे भाव कडाडतात. तसंच रानातल्या बियांचं. एप्रिलमध्ये आटपाडीच्या उघड्या मातीवर दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही, हवा ४० ला असली तर वरच्या बोटभर मातीचं टेम्परेचर त्याच्याही बरंच वर असतं. वळीव पडला, संध्याकाळी छान गार झालं, पण दुसऱ्या दिवशी दुपारी परत तवा तापला.

दुसरी गोष्ट हिशोबाची. बी रुजायला नुसतं एकदा भिजून भागत नाही, खालच्या आकड्याच्या वरची ऊब आणि ओल दोन्ही एकत्र काही दिवस सलग मिळावी लागते, ती साठत जाते आणि पुरेशी झाली की कोंब बाहेर. वळवाचं पाणी ताली भरण्याइतकं आलं तरी वरची बोटभर माती दोन दिवसांत भुरभुरीत होते. हिशोब अर्धाच राहतो. मृगात पाऊस तितकाच पडला तरी आभाळ झाकलेलं, माती निवलेली, ओल चार-पाच दिवस टिकते. तुम्ही पाणी मोजलंत, बी ओलीचे दिवस मोजते.

आणि तिसरी, मला सगळ्यात भारी वाटणारी. पुष्कळ तणांच्या बिया दिवस आणि रात्रीच्या टेम्परेचरमधला फरक ओळखतात. मातीच्या वरच्या थरात हा फरक मोठा असतो, जसं खोल जाल तसा कमी होतो, वीतभर खोल गेलं तर जेमतेम. म्हणजे बीला फरक जाणवला तर तिला कळतं की मी वर आहे, आणि डोक्यावर दाट झाडोरा नाही, उजेड मिळणार. फरक नाही जाणवला तर ती पडून राहते, वर्षानुवर्षं. उन्हाळी नांगरटीनंतर कधी नव्हे ते तण येतं ना, ते कुठनं वाऱ्यानं आलेलं नसतं, खाली झोपलेलं तुम्ही फाळानं वर आणून उन्हात ठेवलेलं असतं. किती वर्षं झोपतात याचा अंदाज घ्यायला विल्यम बील नावाच्या अमेरिकन प्रोफेसरनं १८७९ मध्ये तणांच्या बिया वाळूत मिसळून २० बाटल्या जमिनीत पुरून ठेवल्या, दर काही वर्षांनी एक बाटली काढायची. २०२१ मध्ये एक काढली, म्हणजे एकशेचाळीसहून जास्त वर्षांनी, आणि त्यातल्या काही बिया उगवल्या. त्यामुळं यंदा खुरपून काढलं म्हणजे संपलं असं धरू नका.

तुमचं ते करपलेलं जे आलं होतं, त्या उतावळ्या बिया. अशा तणांत एकाच झाडाच्या सगळ्या बिया सहसा एका वर्षी उठत नाहीत, थोड्या वळवाला फसतात, बऱ्याचशा मृगाला येतात, उरलेल्या पुढच्या सालासाठी राहतात. माणसानं सगळे पैसे एकाच फंडात टाकले तर आपण त्याला शहाणा म्हणत नाही, टाकळ्याला हे आधीपासून कळलंय.

ज्वारीतल्या टारफुल्यानं जीव नकोसा केलाय. चार वर्षं दुसरं पीक घेतलं, वाटलं गेला, ज्वारी केली की परत हजर. हा नेमका कधी रुजतो? (एक वाचक, जत)

टारफुला म्हणजे ज्वारीच्या मुळांना चिकटून जगणारं तण, त्याचं बी धुळीसारखं असतं, एका झाडाला हजारोंनी, आणि दहा वर्षं तरी सहज जमिनीत राहतं. ते दोन कुलपांचं आहे. पहिलं कुलूप ओल आणि उबेचं, ३० अंशाच्या आसपास ओल्या मातीत आठवडा-दोन आठवडे गेले की बी तयार होतं. पण नुसतं तयार, रुजत नाही. दुसरं कुलूप ज्वारीच्या मुळातून पाझरणाऱ्या एका रसायनाचं, तो वास लागला तरच कोंब येतो, कारण तो परजीवी, चिकटायला मूळ नाही मिळालं तर दोन-चार दिवसांत मरतो. आणि तयार होऊन मूळ भेटलंच नाही तर बी मुकाट परत झोपी जातं. म्हणून तुमची चार वर्षं वाया गेली असं वाटतंय.

पण पीक कुठलं घेतलं होतं ते तुम्ही लिहिलं नाही. काही पिकांच्या मुळातूनही तसलंच रसायन पाझरतं पण टारफुला त्यांच्यावर जगू शकत नाही, म्हणजे तो फसून रुजतो आणि मरतो. कापूस, भुईमूग, चवळी ही त्यातली. गंमत म्हणजे १९६६ मध्ये ते रसायन पहिल्यांदा सापडलं ते कापसाच्याच मुळात. नुसतं रान पडीक टाकण्यापेक्षा चवळी-भुईमूग बरा. आणि जो येईल तो फुलं यायच्या आत उपटा, फुलावर आल्यावर उपटून बांधावर टाकण्यात काही अर्थ नाही.

माळावर जनावरांसाठी गवत वाढावं म्हणून कुसळीचं आणि मारवेलचं बी नोव्हेंबरात झोडपून आणलं आणि जानेवारीत विहिरीच्या पाण्यावर टाकलं. एक काडी आली नाही. बी पोकळ होतं का? (एक मेंढपाळ, माण)

थोडं पोकळ असेलच, गवताच्या बियांत ते चालायचंच, दाताखाली दोन-चार दाणे धरून बघा, कुट्ट वाजलं तर भरलेलं. पण मूळ कारण म्हणजे बी कच्च्या झोपेत होतं. गवताचं ताजं बी झाडावरून पडलं की सहा महिने, कुसळीचं तर कधी वर्षभरसुद्धा, मुरावं लागतं, आणि हे मुरणं कोरड्या उबेत होतं. लोणचं मुरतं तसं म्हणा. भाताचंही हेच आहे, काही जातींचं ताजं बियाणं उगवणीसाठी तपासायचं असलं तर लॅबमध्ये ते आधी चार-पाच दिवस ५० अंशाला कोरडं तापवतात, तेव्हा खरी उगवण कळते.

तर आता उरलेलं बी सुती पिशवीत भरून पत्र्याच्या घरात टांगून ठेवा. फ्रीजमध्ये किंवा गार तळघरात अजिबात नको, तिथं मुरणं थांबतं. मृगात निम्मं टाका, निम्मं पुढच्या मृगापर्यंत ठेवा, दुसऱ्या वर्षीचं जास्त उगवलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. कुसळीच्या बीला मातीत पुरायची गरज नाही, ती स्वतः पुरून घेते. एक कुसळ तळहातावर ठेवा आणि पाण्याचं बोट लावा, काळी शेपटी गिरकी घ्यायला लागेल, सुकली की उलटी गिरकी, असं रात्रीच्या दवानं आणि दिवसाच्या उन्हानं ती स्क्रूसारखी जमिनीत जाते. तुमच्या धोतरात आणि मेंढीच्या लोकरीत जाते तीही याच हिकमतीनं.

आमच्या गावात दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगराला वणवा लावतात. म्हणतात की आगीच्या उष्णतेनं बी फुटतं आणि पुढच्या साली गवत जोरात येतं. यात काही शास्त्र आहे का? (एक विद्यार्थिनी, पाटण)

शास्त्र आहे, पण ते ऑस्ट्रेलियाचं आणि दक्षिण आफ्रिकेचं. तिथं हजारो वर्षं नैसर्गिक आगी लागत आल्यात, तिथल्या काही झाडांचं बी आगीच्या धगीनंच फुटतं आणि काहींना तर नुसता धूर लागतो, त्या धुरातलं नेमकं कुठलं रसायन बीला उठवतं हे २००४ मध्ये सापडलं. ते कुणीतरी कुठंतरी वाचलं आणि आपल्या डोंगराला चिकटवलं.

आपल्याकडं काय होतं ते तू स्वतः बघू शकतेस. वणव्यानंतर आठवड्यानं वर जा (आग पूर्ण विझल्यावर, आणि घरच्या मोठ्या कुणाला तरी घेऊन), एक हिरवा फुटवा धरून उपट. बीतून आलेलं असेल तर इवलंसं मूळ आणि शेजारी टरफल दिसेल. तुला दिसेल जुना जळका ठोंब, त्यातून फुटवा आलेला. म्हणजे बी रुजलेलं नाहीच, जुन्या गवतानं जीव वाचवायला मुळातली शिल्लक खर्चून पानं काढली आहेत. राखेमुळं आणि जुनं वाळलेलं जाऊन उजेड आल्यामुळं ते हिरवंगार दिसतं आणि लोकांना वाटतं गवत जोरात आलं.

बियांचं म्हणशील तर गवताची आग वरून झपाट्यानं निघून जाते, धग बोटभर खाली फार पोचत नाही. त्यामुळं खोल पुरलेल्या बीला काही कळत नाही आणि वर पडलेलं बी सरळ जळतं. मधल्या अर्ध्या बोटाच्या थरात असलेल्या काही कडक बिया तडकत असतीलही, मी नाही म्हणत नाही, पण मग जूनपर्यंत तीन महिने त्या फुटक्या टरफलानं मुंग्या-किड्यांच्या समोर पडून राहणार. पाटणच्या डोंगरातल्या बियांना तडकायला एप्रिल-मेचं ऊन भरपूर झालं, काडेपेटी कशाला. गावात सांगताना मात्र शास्त्रानं सुरुवात करू नकोस, मागच्या वणव्यात कुणाची वैरण जळाली, कुणाची आंब्याची कलमं गेली तिथनं सुरुवात कर, लोक ऐकतात.

कास पठारावरची फुलं पुण्यात बाल्कनीत लावायची आहेत, बी कधी गोळा करावं? (एक वाचक, मूळ गाव सातारा)

करू नये. पहिलं म्हणजे तिथून काही तोडायला, उचलायला परवानगी नाही. आणि समजा बी मिळालंच तरी तुम्ही त्याला कास कुठून देणार? १२०० मीटर उंचीवरचा जांभा खडक, त्यावर कुठं बोटभर तर कुठं तेवढीही नाही अशी माती, मेमध्ये तो खडक चटके देतो आणि जूननंतर महिनोन् महिने धुक्यात, पावसात भिजत गार पडून राहतो. तिथली बरीचशी चिमुकली झाडं पावसाळ्यात रुजून, फुलून, बी टाकून मोकळी होतात आणि मग ते बी खडकाच्या खाचेत सगळा उन्हाळा भाजून घेतं. वायतुऱ्यासारखी काही बीच्या भरवशावर न राहता जमिनीतल्या कंदावर उन्हाळा काढतात. कोथरूडच्या चौथ्या मजल्यावर यातलं काही होणार नाही. बाल्कनीत तेरडा लावा, बी दुकानात मिळतं, पावसाळ्यात उगवतो, शेंगेला बोट लावलं की फटकन फुटते, पोरांना मजा येते. कासला सप्टेंबरात या, रीतसर तिकीट काढून.

गेल्या जूनमध्ये जांभळाच्या बिया धुऊन, कडक उन्हात आठवडाभर वाळवून, हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवल्यात. यंदा कॉलनीत शंभर रोपं करायची आहेत. कधी बाहेर काढू? (एक काका, मिरज)

काका, आजच काढा आणि कुंडीतल्या खतात टाका. तुम्ही सगळं अगदी नीट केलंत पण ते टाकळ्या-बाभळीच्या बीसाठी. कोरडं होऊ शकणाऱ्या बीचं असं आहे की टेम्परेचर ५ अंशानं उतरवलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, हा बियाण्यांच्या लोकांचा ढोबळ हिशोब, आणि त्याच तत्त्वावर नॉर्वेकडच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून जगभरचं बियाणं उणे १८ अंशाला ठेवलंय. पण जांभूळ, आंबा, फणस यांच्या बिया वाळल्या की मरतात, आणि गारठ्यातही मरतात. त्यांना झोपच नाही, पावसाच्या तोंडावर पिकायचं आणि पडल्या पडल्या रुजायचं, एवढंच त्यांना येतं. गार डब्यात त्यांनी वाट कशाची बघायची.

यंदा जून आला की बाजारातून चांगली टपोरी जांभळं आणा, कॉलनीतल्या पोरांना बोलवा, जिभा जांभळ्या होईपर्यंत खाऊ द्या आणि बिया तिथंच बादलीत धुऊन त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, पिशवीत लावा, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल. शंभर रोपांना शंभर बिया लागायच्या नाहीत, जांभळाच्या एका बीतून बऱ्याचदा दोन-तीन कोंब येतात. चार पानं झाली की ते अलगद वेगळे करा.